फणसे रबर स्टॅम्प, रावपुरा

चाळीस वर्षं मी अक्षरं उलटी लिहितोय.
त्यामुळे सुलटी वाचायला मला
इतरांपेक्षा पळभर जास्त लागतं,
एवढंच नुकसान.

डिसेंबरात परदेशातले भाचे-पुतणे बडोद्याला येतात
तसा तो आला, मासीच्या स्कूटरवर मागे बसून.
नीरव अमीन, ओहायो, वय वीस.
हातात सेव-उसळीचं पार्सल, नाक लाल, डोळ्यांत पाणी.
गुजराती येत होती ती
आजीशी फोनवर बोलण्यापुरती:
जेवलो, बरा आहे, बर्फ पडतोय, ठेवू?

म्हणाला, आम्ही सात जणांनी
कॉलेजात फ्रॅटर्निटी काढलीय. शिक्का हवा.
काढलीय म्हणजे काय काढलंय?
फोनमध्ये शोधून म्हणाला, भाऊबंद.
मी म्हटलं, बाबा रे, हळू बोल.
आमच्यात त्या शब्दाला पुढे 'की' लागते
आणि मग कोर्टाच्या तारखा पडतात.
त्याला काही कळलं नाही.
मासी दांडिया बाजारात वाढलेली,
ती हसली.

कोण कोण सात?
तो स्वतः. एक तेलुगू.
एक ख्रिस्ती, आईवडील कोट्टयमचे.
लुधियानाकडचे दोघे, पैकी एकानंच केस राखलेले.
एक बंगाली, मासे न खाणारा.
आणि सातवा गयानाचा.
त्याच्या खापरपणजोबांना ऊस तोडायला बोटीनं नेलेलं,
त्यानंतर घरातल्या कुणी हा देश पाहिलेलाच नाही.
त्याला धरायचं की नाही यावर रात्रभर वाद,
होस्टेलच्या लाँड्रीत, कारण ऊब तिथेच होती.
पहाटे तोच उठला, ड्रायरमधून सगळ्यांचे कपडे काढले,
न विचारता घड्या घातल्या, दाराकडे निघाला.
तेलुगू म्हणाला, बस खाली.
त्यांच्या मंडळाची स्थापना ती.

मी मंडळं ओळखतो. गणपतीची, भजनाची, सोसायट्यांची.
खजिनदाराला वेगळा शिक्का मागितला
की दोन वर्षं, फार तर तीन.
यानं एकच मागितला.

मग कशाला कोण जाणे, खालचा खण उघडून
मी त्याला माझा दाखवला.
सन एक्याऐंशी, आमचंही होस्टेल, आमचेही सात-आठजण,
'महाराष्ट्र विद्यार्थी मंडळ',
चपलेच्या तळव्यातून ब्लेडनं कोरलेलं.
पाच पिढ्या या गावात काढून
आम्हाला अचानक महाराष्ट्र आठवला होता.
पहिल्याच सभेत पुण्याहून आलेला एकजण म्हणाला,
तुमची मराठी गुजरातीच आहे की!
'ष्ट्र' तेवढा चुकला होता. अजून चुकलेलाच आहे.
पोरानं तो अंगठ्यानं चाचपला,
आंधळ्यानं चाचपावा तसा.

त्याची अक्षरं ग्रीक. तीनच.
एक तंबू, एक त्रिशूळ, एक घोड्याची नाल.
म्हटलं, हा तर आमचा महादेवाचा.
म्हणाला, नाही काका, यांचाच.

कोरायला बसलो आणि हसू आलं.
तंबू उलटा केला तरी तंबूच,
त्रिशूळ तसाच, नाल तशीच.
जन्मात पहिल्यांदा उलटं काढायला काही नव्हतं,
हात नुसता पळत सुटला.

शाई लावून कागदावर मारला:
नाल, त्रिशूळ, तंबू.

अक्षरं सगळी धड. रांग उलटी.
चाळीस वर्षांचा कारागीर, आणि ही चूक!
मी कान पकडले.
तो कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला,
तिकडे मी आधी इंडियन असतो, काका.
इथे उतरलो की आधी अमेरिकन.
मासी म्हणाली, आता याचे पैसे नाही हं देणार.

दुसरा कोरून दिला. उशीर झाला होता,
सुरसागरावर दिवे लागले होते.
त्यानं जाता जाता तो स्वतःच्या मनगटावर मारून पाहिला.
फुंकर घालून बाही खाली ओढली.

चुकलेला टाकवला नाही.
खालच्या खणात ठेवलाय,
चपलेच्या त्या तुकड्याशेजारी.